चारचा पुकारा

सोमवार, ता. ३

दीडशे पँटी अर्ध्या शिवून पडल्यात आणि पलटण निघून गेली! ना सांगणं, ना विचारणं. मापं घेतलेल्या कमराच गेल्या, आता ह्या घालू कोणाला — विजेच्या खांबांना? नात म्हणाली, "आजी, तोंडाचा पट्टा जरा मापाच्या वहीत चालव, माझे कान किटले." म्हणून लिहितेय. माझी शाळा तिसरीपर्यंत. काना-मात्रा चुकला तर वहीनं पोटात घालावा.

बुधवार, ता. ५

इथं आधी छावणी आली, गाव मागून. पलटणीच्या पाठोपाठ न्हावी आला, पाववाला आला, मोची आला, आमचे शिंपी आले, आणि फाटकाबाहेर बसले ते बसलेच. रोज दुपारी चारला फाटकावर बाजाराचा पुकारा व्हायचा. माणसाच्या नावानं नाही, धंद्याच्या. "न्हावी!" — "हजर!" ज्या घरात कात्री, त्या घरातलं कोणीही ओ द्यायचं. आजेसासऱ्यांनी दिली, सासूनं दिली, मी चाळीस वर्षं दिली.

आज चारला सगळे आपसूक दाराशी आले. फाटकाकडे बघत उभे राहिले. आत गेले. मीही गेले होते. मेली सवय!

शनिवार, ता. ८

पुकारा झाला! फाटकाला बाहेरून कुलूप, आत चिटपाखरू नाही — तरी चारच्या ठोक्याला आतून आवाज. खणखणीत. "न्हावी!"

आमचा न्हावी टवाळ. वस्तरा वर करून ओरडला, "हजर, साहेब! डोकी कुठं ठेवलीत?" सगळे खो खो हसले. मीही. मग ध्यानात आलं. इतक्या वर्षांत पुकारणारे किती आले नि गेले, हा आवाज त्यातल्या एकाचाही नाही.

मंगळवार, ता. ११

न्हाव्याची बायको परकर शिवायला टाकायला आली. "आजी, ह्यांना हाक मारली तर ऐकूच येत नाही हो. जेवायला बोलावलं, ओ नाही. पोरीनं बाबा-बाबा केलं, ओ नाही. खांदा हलवला की बघतात, बोलतात, हसतातसुद्धा. हाक तेवढी पोचत नाही."

म्हटलं, "नवऱ्यांना ती कधी पोचते गं?"

ती हसली नाही. "चारला मात्र बरोब्बर ऐकू येतं," म्हणाली.

काल पाववाल्यानं ओ दिली, आज मोच्यानं. संध्याकाळी मुद्दाम पाववाल्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. हातभर अंतर. तीन हाका मारल्या. पाव मोजत राहिला. समोर गेले तर, "अगं आजी, कधी आलीस?"

पाव न घेताच घरी आले.

गुरुवार, ता. १३

आज "शिंपी!" आलं. तीनदा. मी दात आवळले आणि नातीच्या तोंडावर हात दाबून धरला. मग शांत. पुकारा तिथंच अडला.

दूधवाला तावातावानं आला. "तुमच्या एका घरापायी हजेरी अडलीय. पुरी झाली की पलटण परत येईल. सगळ्यांच्या चुली छावणीवर, तुमचीच काय न्यारी?"

"तुझी पाळी आली की बोल."

"तुमच्यानंतर माझीच आहे!" म्हणाला. वेड्याला घाई झालीय.

तो गेल्यावर नात म्हणते, "एक शब्द तर द्यायचाय, आजी. त्यानं गावाची चूल पेटत असेल तर देते. आणि आता मशीनवर मी बसते. शिंपी मीच की." उद्या देणार म्हणे. चोवीस वर्षांची घोडी, पण अक्कल दोऱ्याएवढी! मी हाक मारली की अर्ध्या हाकेतच "आले गं" म्हणते. उरलेली अर्धी नेहमी माझ्याच तोंडात राहते.

शुक्रवार, ता. १४

नातीला दुपारी दोनलाच बटणं आणायला शेजारच्या गावी पिटाळलं. कुरकुरत गेली. मशीनवर मी बसले. सुईचं नेढं दिसत नाही आता. पण चारला ओ द्यायला नेढं कशाला दिसायला हवं?

शनिवार, ता. १५

मला वाटलं, पोर रुसलीय. सकाळपासून घरात तिची एक हाक नाही. आत्ता तिनं ही वही ओढून माझ्या नाकासमोर धरली. वर तिच्या अक्षरात — "आजी, किती हाका मारू? ओ का देत नाहीस?"

पलटण? छे! फाटक बंदच.

आजपासून ह्या दाराशी कोणीही हाक मारली तर ओ नातीनं द्यायची. फाटकातून आली तर मी. तिकडे तिनं तोंड उघडायचं नाही.