साचा फोडल्यानंतर

प्रिय बाबा,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण राहू दे. रागावले आहे म्हणून खोटं कशाला लिहू?

आज कामावरून येताना कपड्यांच्या दुकानांच्या गल्लीतून आले. हल्ली तो रस्ता मी टाळते. आधी याच गल्लीत मुद्दाम रेंगाळायचे. प्रत्येक काचेमागे मीच उभी असायचे, मला कधीच परवडले नसते असे कोट घालून. मैत्रिणी म्हणायच्या, अगं, तू नोकऱ्या तरी किती ठिकाणी करतेस! आता त्याच काचांमागे तुमचे नवे पुतळे उभे आहेत. खांदे, कंबर, बोटं, सगळं तुमच्या हातचं, सफाईदार. फक्त मुंडकं नाही. मानेवर सपाट काप. एका दुकानदाराला ते बघवलं नसावं, त्यानं त्या कापावर टोपी ठेवली आहे. लोकांना ती नवी फॅशन वाटते. तो तुमचा माझ्यावरचा राग आहे, हे त्या गल्लीत फक्त मला ठाऊक आहे.

माझ्या चेहऱ्याचा साचा घेतला तो दिवस आठवतो तुम्हाला? मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. ठरलेली मुलगी आली नाही म्हणून तुम्ही मलाच बाकावर आडवं केलंत. भुवयांना व्हॅसलीन, नाकात नळ्या, वर गार प्लास्टर, आणि मग ते आपोआप तापत जातं. मी घाबरले होते. मला धीर यावा म्हणून तुम्ही पुलापलीकडच्या कारखानदाराची नक्कल सुरू केलीत. त्यांचे पुतळे बिनकेसांचे विकले जातात म्हणून तुम्ही त्यांना टकलू म्हणता. त्या बिचाऱ्यांच्या स्वतःच्या डोक्यावर जंगल आहे. माझ्या ओठाचा उजवा कोपरा हलला. हलू नकोस गाढवे, असं ओरडताना तुम्ही स्वतःच हसत होतात. तो हललेला कोपरा साच्यात उतरला आणि गिऱ्हाइकांना नेमका तोच आवडला.

पुढे मी पदवीधर झाले, आपल्या घरातली पहिली. येईल त्याला तुम्ही सांगायचात, हिला मी घडवली. मला ते आवडायचं, बाबा. कॉलेजात कुणी माझ्या हुशारीचं कौतुक केलं की मीही तुमचंच नाव सांगायचे.

मग मला एवढंच सांगा, शिकवलंत कशासाठी? रसायनशास्त्र शिकायचं, पण आपल्याच कारखान्यातल्या पांढऱ्या धुळीकडे बघायचं नाही, असं काही ठरलं होतं का आपलं? फायबरग्लासचे पुतळे घासताना काचेची बारीक धूळ उडते आणि ती छातीत जाते. तुमची सख्खी बहीण, माझी आत्या, त्या घासायच्या टेबलावर इतकी वर्षं बसली की आता जिना चढताना मध्येच कठड्याला टेकते आणि दम लागला हे दिसू नये म्हणून पदर नीट करत बसते. मी मास्क आणले, तर तुम्ही म्हणालात, हा कारखाना आहे की दरोडेखोरांचा अड्डा? धूळ ओढणारा पंखा लावा म्हणून मागे लागले, तर म्हणालात, खिडकी आहे ना! मग ते मोठे दुकानदार माल बघायला आले, त्यांच्यासमोर आत्याला ठसका लागला. त्यांनी विचारलं, सर्दी झाली का? मी म्हटलं, सर्दी नाही, आमच्याकडची धूळ आहे. बस, एवढंच बोलले. त्यात खोटं काय होतं?

तुम्ही सगळ्यांदेखत साचा उचललात आणि त्यावर हातोडा घातलात. घडवली मी, आणि बिघडली बघा कशी, असं म्हणालात. पुतळ्याच्या नखाला चरा गेला तरी तुम्हाला जेवण जात नाही. माझ्या कपाळाचे तुकडे मात्र तुम्ही पायानं बाजूला सारलेत आणि मला दार दाखवलंत. घडवली आणि बिघडली या दोन शब्दांमध्ये मी काय केलं होतं? तोंड उघडलं होतं. तुम्हाला मुलगी शिकलेली हवी होती, पण तोंड पुतळ्याचं हवं होतं.

परवा दादा माझ्या खोलीवर आला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं तुमचा निरोप सांगितला. बिनमुंडक्याचे पुतळे ते मोठे दुकानदार घ्यायला तयार नाहीत, त्यांना तोच चेहरा हवा आहे, तेव्हा येऊन थोडा वेळ आडवी हो. कशी आहेस, असं विचारलं नव्हतंत. चुकलो, हे तर नाहीच. पंखा लावला का, असं मी विचारलं तेव्हा दादा बुटाची नाडी बांधायला लागला. मी थेट आत्याकडे गेले. ती म्हणाली, जा गं बाई, हो एकदा आडवी, ऑर्डर गेली तर आम्ही खायचं काय? तिचं बरोबर होतं. नुसतं नाही म्हटलं असतं तर राग माझा निवला असता आणि पाय घासणाऱ्या बायकांच्या पोटावर आला असता. म्हणून पूल ओलांडून मी तुमच्या टकलूंकडे गेले. त्यांच्याकडे पंखा आहे. कागद धरून पाहिला, ओढतो. काल मी त्यांच्या बाकावर आडवी झाले, आत्याला आणि तिच्या टेबलावरच्या सगळ्याजणींना ते कामावर घेतील या अटीवर. त्या येत्या सोमवारी तिकडे जातील, आणि ऑर्डरही तिकडेच गेली आहे. बाजारात कुणीतरी तुम्हाला हे हसत हसत सांगेल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. त्या बायकांच्या भल्यासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगणार आहे, आणि ते खरंही आहे. पण तुम्हाला पूर्ण सांगते. चेहऱ्यावर प्लास्टर होतं तोवर मी डोळे मिटून तुम्हालाच बघत होते, ही बातमी ऐकताना तुम्ही कसे दिसाल ते. आणि बाबा, मला फार बरं वाटत होतं.

तुमचीच, आणि चीड येते ती याचीच,
मुलगी