होळीतून परत आणलेला विलो

११ जाने.
सोसायटीच्या कोपऱ्यात लावलेले माझे तिन्ही विलो पार बोडके झाले. पावसाळाभर गुलाबी-पांढरी पानं मिरवत होते, आता नुसत्या तपकिरी काड्या. नर्सरीवाल्याने सांगितलंच होतं, "थंडीकडचं झुडूप आहे मॅडम, पानं टाकेल. घाबरू नका." मी नाही घाबरले. सोसायटीचे सेक्रेटरी दळवी मात्र लगेच हजर. "वहिनी, मेलं ते." मी नखाने साल खरवडून दाखवली, आत हिरवीगार. "बरं" म्हणून गेले. त्यांना तिथे पेव्हर ब्लॉक घालून बाइक लावायच्यात. बरोब्बर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

१ फेब्रु.
मीटिंग. ठरलं असं: पाडव्यानंतरच्या सभेपर्यंत कोपऱ्यात जिवंत झाडं दिसली तर कोपरा राहील, नाहीतर ब्लॉक. गळक्या टाकीचं पाणी तिथेच मुरतं. मोगरा कुजला, जास्वंद कुजली. विलोला पाय ओलेच लागतात, म्हणून तर आणला. वर्तकनगरच्या उन्हात तो टिकणार नाही म्हणणाऱ्यांत घरी सुहासही. सख्खा नवरा. मत मात्र मला दिलं, नशीब.

१५ फेब्रु.
ऊन चढतंय. जुनी पांढरी चादर चार काठ्यांना बांधून सावली केली. वरच्या मजल्यावरून विचारणा, "काकू, मांडव कुणाच्या लग्नाचा?" दळवींच्या, म्हटलं.

२ मार्च, होळी
पुरण वाटत होते. नौपाड्याहून नणंद आलेली, मीनाताई. खिडकीतून बघते तर कोपरा रिकामा. चादरीची घडी घालून कठड्यावर. सुहास खुशीत आला. "अगं, होळीला लाकडं कमी पडत होती. ती वाळकी झुडपं मीच उपटून, तोडून दिली. चादर ठेवलीय हं नीट."
चादर ठेवलीय.
पुरणाच्या हातानेच खाली गेले. होळी रचून झालेली, हळदकुंकू वाहिलेलं, पेटवायची तेवढी बाकी. मागून मीनाताई, "उज्ज्वला, होळीला दिलेलं परत घेऊ नये गं. अशुभ असतं."
"मी दिलेलं नाही, ताई."
सगळ्यांदेखत फांद्या ओढून काढल्या. बुंधे तळाशी दबलेले, ते गेलेच. हाती लागल्या त्या काठ्या बादलीत उभ्या केल्या. न्हाऊ घातलेलं बाळ पुसावं तशा पुसून. सुहास पोळी न खाता बसून राहिला. आधी बरं वाटलं. मग वाईट वाटलं, पण वाढायला उठले नाही.

३ मार्च, धुळवड
विलोची काठी ओल्या मातीत खोचली तर मूळ धरते. वाचलेलं. करून कधी पाहिलं नव्हतं. सकाळी कुदळ शोधते तर सुहास आधीच खड्डे खणतोय. भांडायची तयारी करून गेले होते, फुकट गेली. काठी हातात घेऊन म्हणाला, "वरची बाजू कुठली?"
निदान विचारलं. कोंबांचे डोळे वर, म्हटलं. चादर पुन्हा बांधली.

१४ मार्च
काठ्यांचे डोळे फुगलेत. दोन काठ्या काळ्या पडल्या, त्या काढून टाकल्या. बाकीच्यांवर हिरवे ठिपके. चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे बघितलं. आहेत.

१९ मार्च, पाडवा
तांदळाएवढी पानं. मीनाताईंचा फोन. शुभेच्छा देऊन झाल्यावर हळूच, "फुटलं का गं तुझं ते?" अशुभाचा विषय काढला नाही. मीही नाही.

२२ मार्च
सभा. सगळे कोपऱ्यात उभे. मी पानं दाखवली. दळवी वाकून बघून म्हणाले, "वहिनी, फुलदाणीतल्या काठीलाही पानं फुटतात. आतल्या रसावर. मूळ धरलं नसेल तर मेच्या आत वाळेल. एक उपटून दाखवा, मी गप्प बसतो."
राग आला, कारण खोटं नाही ते. मुळं धरली असतील तर केसाएवढी असणार, उपटली की तुटणार. नसतील तर सगळ्यांसमोर तोंडावर पडायचं.
"नाही उपटणार."
"म्हणजे तुम्हालाच खात्री नाही."
"नाहीये. तरी नाही उपटणार."
सुहास मध्येच बोलला. एवढ्या वर्षांत मीटिंगमध्ये पहिल्यांदा. "एकदा उपटून झालंय. पुन्हा नाही." हात वर करून मतं घेतली. बरोबर समसमान. ब्लॉकवाल्याला दळवींनी सांगून ठेवलंय म्हणे. निर्णय पुढच्या रविवारी.

२४ मार्च
कोपरा चिकट ओला. दुपारचं ऊन चादरीवर. कुणी नव्हतं. कडेची काठी चिमटीत धरली आणि अगदी हलकेच वर ओढली. उचलली गेली नाही. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी अडली. की चिखलच चिकट आहे?
पुन्हा ओढली नाही. दुसरीला हातही लावला नाही. पाणी घालून वर आले.