चार कापडांची नावं

आक्रा, रविवार

प्रिय बाबा,

१. तुम्ही विणलेल्या केंटे कापडांची वेबसाइट तयार झाली. मला कोडिंग येत नाही. तयार चौकटींत फोटो बसवले.
२. बारा कापडांना एक ते बारा क्रमांक दिले.
३. घरमालकीण देदेमावशींनी ते पाहिलं.

"असांते विणकराची पोर ना तू? बापाने काय पोती विणलीत, नंबर घालायला?"

बरोबर बोलल्या. केंटेच्या प्रत्येक नक्षीला नाव आणि अर्थ असतो. आठ नावं मला आठवली. उरलेल्या चार कापडांची नक्षी तुमची स्वतःची. त्यांची नावं तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत. मी आधीच विचारायला हवं होतं.

मी मजेत आहे. डोळ्यांत औषध घालता ना? लिहायला त्रास होत असेल तर नावं आईकडून लिहून घ्या.

शुक्रवारी वेबसाइट खुली करते. चारही नावं अर्थासकट गुरुवारी इकडे येणाऱ्या बसवाल्याकडे द्या.

तुमची,
सेरवा