दोन चांदण्यांमधले पाटील

कोल्हापूर,
मंगळवार

तीर्थरूप बाळासोमामा,

भाचा राजवीर याचा वाकून नमस्कार. मामींनाही सांगा. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? आई सांगत होती की रिटायर होऊन गारगोटीला गेल्यापासून तुम्ही पहाटे उठून गोठ्यात म्हशींची हजेरी घेता. खरं असेल तर प्रकृती उत्तम आहे असं धरून चालतो. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे शरीरानं. मनानं मी गेल्या गुरुवारी जो हबकलोय तो अजून ताळ्यावर आलेलो नाही, आणि मामा, याला थोडेफार तुम्हीही कारण आहात. पण ते ओघानं येईल.

गुरुवारी सकाळी आपल्या कॉलेजच्या फाटकात (तुम्ही इतकी वर्षं तिथं ऑफिस सुपरिंटेंडंट होता म्हणून ‘आपल्या’ म्हणतो) एक रिक्षा थांबली. आतून एक वयस्क गृहस्थ, त्यांच्या पत्नी, दोन बॅगा आणि केळीचा एक घड असं उतरलं. वॉचमन पिराजीनं विचारलं, “पावणं, कुणाकडं?” गृहस्थ म्हणाले, “आज माझं व्याख्यान आहे.” हे गणपतराव पाटील, जळगावचे शेतीशास्त्रज्ञ. त्यांना आपल्या प्राचार्यांनी, म्हणजे विजयसिंह पाटील सरांनी, कुठल्याशा लग्नात “या की एकदा” असं म्हटलेलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं, तारीख कळवली, विषय कळवला, गाडीची वेळ कळवली, सगळं मेलनं. उत्तर येईना तेव्हा सज्जन माणसानं तीच संमती समजली. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्यांनी मोबाईलवर पाठवलेल्या मेल दाखवल्या तेव्हा सर माझ्याकडं, म्हणजे कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याकडं, बघायला लागले. व्याख्यान झालं. विषय केळीची साठवण, श्रोते बी.कॉम.ची मुलं. शेवटी घड वाटला म्हणून हॉल भरलेला राहिला.

मग मी जिन्याखालच्या सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या सर्व्हरवर नको असलेल्या मेल गाळायची चाळणी आहे. ती प्रत्येक मेलला गुण देते आणि गुण जास्त झाले की मेल स्पॅममध्ये टाकते. (गुण जास्त पडले म्हणून बाहेर काढणारी ही कॉलेजातली एकमेव व्यवस्था.) कुणाची मेल घ्यायची, कुणाची अडवायची, ही प्रत्येकाची आवडनिवड वेबपानावर नोंदवली की डेटाबेसमधल्या एका तक्त्यात साठते, आणि चाळणीनं मेल तपासण्याआधी तो तक्ता बघायचा, असं ठरलेलं आहे. मी प्राचार्यांच्या नावापुढं गणपतरावांचा पत्ता ‘कायम येऊ द्या’मध्ये टाकला आणि गणपतरावांना म्हटलं, पाठवा एक. त्यांनी चहा पिता पिता पाठवली. गेली स्पॅममध्ये. चाळणी बंद करून चालू केली. परत स्पॅम. तोवर गणपतरावांना यात गोडी लागली होती. ते गावाकडची खुशाली, केळीचे रोग, पत्नीचा अंबाबाईच्या दर्शनाचा बेत असं काहीबाही लिहून पाठवत राहिले आणि प्रत्येक वेळी मला विचारत राहिले, “आली का हो?”

शेवटी चाळणी स्वतःशी काय पुटपुटते ते सगळं लिहून घ्यायची सोय चालू केली, आणि वाचून मी गारच पडलो. वेबपान माणसाची आवड त्याच्या नुसत्या नावावर लिहितं आणि चाळणी विचारते नाव आणि पुढं @ लावून अख्खा पत्ता. म्हणजे गावात सगळे ‘राज्या’ म्हणून ओळखतात आणि पोस्टमन ‘राजवीर बाबूराव खोत’ कुठं राहतो म्हणून विचारत फिरतो, तसं. शिमग्यात नवा सर्व्हर आला तेव्हापासून चाळणीला एकाचीही आवड सापडलेली नव्हती. आणि माणूस सापडला नाही की ती ‘सर्वांसाठी’ म्हणून ठेवलेल्या ओळी लागू करते. जुनी चाळणी त्या ओळींकडं बघतही नव्हती. मी त्या ओळी उघडल्या. एकच होती. ‘अडवा’, आणि पुढं चांदणी, patil, चांदणी.

चांदणीचा, म्हणजे * या खुणेचा, अर्थ ‘मागंपुढं काहीही असू दे’. म्हणजे मामा, ज्याच्या पत्त्यात पाटील आहे असा बाहेरचा एकही माणूस आपल्या कॉलेजात पोहोचत नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यात. मी उठून पाणी प्यायलो, परत येऊन बघितलं, तरी तेच. आणि ओळ लिहिणाऱ्याचं नाव: balaso.

मला अंधूक आठवलं. कुणी पाटील तुम्हाला रोज सकाळी गुलाबाच्या चित्रासकट स्वरचित सुविचार पाठवायचे आणि तुम्ही म्हणाला होता, “ह्याचा बंदोबस्त करतो.” पूर्ण पत्ता आठवला नसेल. आणि तुम्ही त्या वेळी ऑफिसचे प्रमुख म्हणून आत शिरलेला असणार, म्हणून तुमची एकट्याची नावड सगळ्या कॉलेजची झाली.

चाळणीनं कुठल्या नावानं चौकशी करायची ती ओळ मी दुरुस्त केली, तुमची ओळ काढली आणि अडकलेल्या मेल सोडायला घेतल्या. त्यात सर्वांत मोठा ढीग खुद्द प्राचार्यांचा. ते रविवारी घरच्या पत्त्यावरून आदेश पाठवतात. इतके महिने एकही आदेश कुणी पाळला नाही म्हणून सर समजत होते की स्टाफनं बंड केलंय, आणि स्टाफ समजत होता की सर निवळले. मी शुक्रवारी दुपारी ते सगळे एकदम सोडले. त्यातल्या एकात लिहिलं होतं, “उद्या सकाळी सातला सर्वांनी मैदानावर हजर राहावे.” मेल शिमग्यातली होती, पण तारीख बघतो कोण? शनिवारी सातला सगळा स्टाफ मैदानात उभा. कुणीतरी सरांना फोन लावला. ते झोपेतून उठून लुंगीवर आले आणि समोरची शिस्त बघून तशाच अवतारात हजेरी घ्यायला लागले.

पण खरा धक्का त्याआधीचा. सोडायच्या मेलींमध्ये एक होती संयोगिता पाटील मॅडमची, त्यांच्याही घरच्या पत्त्यावरून आलेली. (केमिस्ट्रीच्या. तुम्ही गेल्यावर लागल्या. मूळच्या तुमच्याच गारगोटीच्या. केस एका क्लिपात बांधतात, ते असो.) विषय: राजीनामा. मी ती तेवढी बाजूला ठेवली आणि वर प्रयोगशाळेत गेलो. त्या काचेच्या नळ्या विसळत होत्या.

“मॅडम, तुम्ही राजीनामा दिलाय?”

“कवाच दिलाय,” त्या म्हणाल्या. “त्याच्याआधी नळ्यांसाठी, गॅससाठी किती मेल केल्या. कुणी उत्तर दिलं न्हाय. मग राजीनामा धाडला, त्यालाबी न्हाय. म्हटलं, जायच्या आधी निदान कोण विचारतंय का बघू. म्हणून रोज येतीय.”

“पोचलाच न्हाय तो.”

त्यांनी नळ बंद केला. “मग आता पोचवायचा, का नको?”

“नको.”

“हे सर्व्हर म्हणतोय, का तुम्ही?”

मी म्हणालो, मी म्हणतोय. त्या खाली आल्या आणि माझ्या समोर आपल्या हातानं तो राजीनामा पुसून टाकला.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला जपा, मामींनी दिलेलं तेल खरोखर लावा, आणि थोरामोठ्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
राजवीर

ता.क. ती ओळ कुणाची, असं प्राचार्यांनी विचारलं. मी ‘तांत्रिक दोष’ म्हणणार होतो, पण तोंडातून तुमचं नाव गेलं. त्यांचा फोन येईल. घाबरू नका, ते रागावलेले नाहीत. त्यांनाही एका नातेवाइकाला अडवायचंय, आणि ते मला विचारायला लाजतायत.

आणखी ता.क. आता मूळ मुद्दा. दुरुस्तीचं काम पुरं झालं असं नोंदवलं की ज्यांची अडचण होती त्यांना आपली यंत्रणा आपोआप एक मेल पाठवते. संयोगिता मॅडमना माझ्या नावानं गेली: “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?” शनिवारी आवडीनिवडी नीट साठतायत का म्हणून तक्ता तपासला, तर पहिली नवी ओळ त्यांचीच: ‘अडवा’, आणि पुढं माझा पत्ता. दुरुस्ती बरोबर झाली होती, त्याचा हा पुरावा. एका आज्ञेत ती ओळ पुसता आली असती, पण हात लावला नाही. काल चहाच्या टपरीवर त्यांना गाठून म्हणालो, “तक्रार निकाली न्हाय. मला तुमच्याशी लग्न करायचंय.” त्या म्हणाल्या, “कळवते.” आज सकाळी बघतो तर त्याच ओळीत ‘अडवा’ जाऊन ‘कायम येऊ द्या’ झालंय. तोंडानं अजून काहीच कळवलेलं नाही, पण मला तरी हे उत्तर पुरेसं वाटतं. तेव्हा रविवारी तिच्या वडलांकडं जाऊन या. गारगोटीच्या बाजारपेठेत त्यांचं खताचं दुकान आहे. आईला मी उद्या सांगतो. मामींना मात्र नक्की घेऊन जा. तुम्ही एकटे गेलात की बोलणं म्हशींवर जातं आणि तिथंच बसून राहतं.