पाय गार पडण्याची सर्व कारणे, एक सोडून

३ डिसेंबर, पहाटे ५.२०
पाय बर्फ. चाळीस वर्षं बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांपुढे वाकलो, तेव्हा पायांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. कारण शोधायचं आणि महिनाअखेर पाय गरम करून दाखवायचे. पक्का निश्चय.
मागच्या बाल्कनीत पाच मिनिटं हवा घेतली. हवा घेताना एक ओढली. सिगारेट मी दोन वर्षांपूर्वीच सोडली आहे. छातीत कळ आली तेव्हा हिच्यासमोर पाकीट कचऱ्यात टाकलं होतं. ही पहाटेची एक सोडल्यानंतरची आहे, ती धरायची नसते. पाकीट कुंडीमागे.

४ डिसेंबर
कारण सापडलं! फरशी. बाल्कनीत अनवाणी उभा राहतो ना. (चपला फटफट वाजतात, ही जागी व्हायची.) हिला एवढंच म्हणालो की फरशी फार गार पडते. बिचारी दुखरे गुडघे धरून घरभर सतरंज्या अंथरत फिरली.

७ डिसेंबर
मोज्यांवर मोजे, त्यावर बूट. पाय आणखी गार! गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलं असेल की साहेब, घट्ट बुटात ऊब राहत नाही, बोटं हलली पाहिजेत. एक गिऱ्हाईक ऐकेल तर शपथ. का ऐकत नव्हते ते आज कळलं.

११ डिसेंबर
मोबाईलवर वाचलं. कारणं: रक्त कमी, थायरॉईड, साखर, तंबाखू. शेवटचं मला लागू नाही. थायरॉईडच असणार, मेव्हणीला आहे. ही म्हणाली, अहो, माझ्या बहिणीचा थायरॉईड तुमच्या पायात कसा उतरेल?
टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू. रोज शंभर. आज बारा.

१६ डिसेंबर
ही रोज संध्याकाळी तेल कोमट करून माझे पाय चोळते. तीही जमिनीवर बसून. आज म्हणाली, माझंच चुकलं, पलंग खिडकीशी मीच लावायला लावला. तिचं डोकं खाली होतं म्हणून बरं, माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर अवघड होतं.
उद्यापासून बंद. म्हणजे, बंदच आहे ती आणखी बंद.

१७ डिसेंबर, पहाटे ५.२५
धुकं होतं. अशा दिवशी सुरुवात करू नये.

२० डिसेंबर
गरम पाण्याची पिशवी आणली. उकळतं पाणी भरून थेट डाव्या अंगठ्याशी ठेवली, टॉवेल वगैरे चोचले नकोत. जरासुद्धा चटका बसला नाही. या वयात सहनशक्ती दांडगी आहे, असं हिला सांगत होतो, तेवढ्यात ती किंचाळली. अंगठ्यावर लिंबाएवढा फोड. मला पत्ताच नव्हता.

२१ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंकडे. पावलावर बोटं ठेवून कितीतरी वेळ नाडी शोधत होत्या. म्हणाल्या, फार बारीक लागते, रक्त पोचत नाही, असंच चाललं तर अंगठा गमवाल. मग सरळ विचारलं, ओढता का? मी म्हणालो, सोडली, दोन वर्षं झाली. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही ताडकन म्हणाली, हातसुद्धा लावत नाहीत हो! मग दुसरं काहीतरी असणार, असं म्हणत बाईंनी पानभर तपासण्या लिहून दिल्या.
परत येताना मी लंगडत होतो, म्हणून ही हात धरून चालत होती. माझी मान काही वर होईना.

२२ डिसेंबर, पहाटे ५.२०
बाल्कनीत उजव्या पायाला मऊ लागलं. भिंतीच्या आडोशाला, मी उभा राहतो बरोबर त्याच जागी, जुन्या गालिच्याचा तुकडा. दोन पावलांपुरता. कडा हाताने शिवलेल्या.
पेटवली नाही. नुसताच उभा राहिलो.
चहाच्या वेळी विचारलं, मग काल तसं का म्हणालीस? तर म्हणते, परक्या बाईसमोर तुम्हाला खोटं पाडू? खरं सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा, अंगठा तुमचा आहे. आणि कप विसळायला उठली. चहा माझा अर्धा व्हायचा होता.

२३ डिसेंबर, सकाळी १०
दवाखान्यात फोन केला. तीनदा कापला, चौथ्यांदा बोललो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, वासावरून अंदाज आलाच होता, पण आजी इतक्या ठामपणे बोलल्या की मला काही म्हणवेना. आता एकही नको.
लगेच कुंडीमागचं पाकीट हिच्या हातात ठेवलं. छोटंसं भाषणही केलं. म्हटलं, आता माझ्या मनात काही लपलेलं नाही, या घरात एकही सिगारेट उरलेली नाही, आजपासून मी कोरी पाटी.
हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि कपाटातल्या काळ्या बुटात आहे ते?
ते पाकीट मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.