धडपड मैदानावर अडकलेले अध्यक्ष

ती. मामांना,

वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा कमी वाकून, कारण माझी कंबर धरली आहे. कशी धरली ते खाली येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तुम्ही घरातली सगळी दारं काढून पुन्हा बसवलीत आणि आता ती उलट्या बाजूला उघडतात, असं मामीकडून कळलं. तुमचा हात अजून चालतो हे ऐकून बरं वाटलं. मामीला कसं वाटलं ते तिने सविस्तर सांगितलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

इकडे आमच्या इमारतीमागे सोसायटीची मोकळी जागा आहे, तिला पोरं 'धडपड मैदान' म्हणतात. तिथे हिरवळ नाही, रंगीत झोपाळे नाहीत. जुनी फळकुटं, टायर, दोरखंड, केबलची लाकडी रिळं आणि भरपूर चिखल आहे. पोरं हातोडी-खिळे घेऊन त्यातून मनाला येईल ते उभारतात आणि कंटाळा आला की पाडतात. देखरेखीला एक दादा होता, त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. लगेच सोसायटीने ठरवलं की हा उकिरडा साफ करायचा, रबरी फरशा घालायच्या आणि मधोमध एक प्लास्टिकचा हत्ती बसवायचा, ज्याच्या सोंडेवरून मुलांनी शिस्तीत घसरावं. मी सोसायटीची सेक्रेटरी, आणि मीही हत्तीच्याच बाजूची होते. (दर आठवड्याला पोरीच्या फाटक्या विजारी शिवणारी आई दुसरं काय म्हणणार?)

शनिवारी आम्ही पाहणीला गेलो, मी आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. फाटकात एका चिमुरडीने आम्हाला अडवलं. मोठ्यांनी विचारून आत यायचं, असा तिथला नियम आहे म्हणे. डॉक्टरांनी गेल्या कित्येक वर्षांत कुणाला काही विचारलेलं नाही (दात काढतानासुद्धा), पण त्यांनी मुकाट्याने विचारलं. आत फळकुटांचा एक मनोरा होता. तो कुजका आहे हे सिद्ध करायला डॉक्टर स्वतः वर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवर उडी मारली. फळी मोडली असती तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. ती नुसती लवली, आणि डॉक्टरांनी खांबाला जी मिठी मारली ती सोडेचनात. चेहरा त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीसारखा पांढरा.

त्यांना आणायला मी चढले. वाट एका टांगलेल्या टायरमधून जाते. माझं डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग आईच्या माहेरून, म्हणजे तुमच्याच घराण्यातून, माझ्याकडे आलेली कंबर आली. ती पुढेही जाईना, मागेही येईना. (तुम्हाला दोष देत नाही.)

तेवढ्यात आमची चिऊ माझ्या खांद्यावर पाय देऊन वर गेली. तुम्हाला माहीत आहे, वर्गात तिचा आवाज बाईंनी अजून ऐकलेला नाही, आणि या डॉक्टरांच्या खुर्चीत तर ती तोंडसुद्धा उघडत नाही. मला टायरमधून समोरची फळी आणि खालची जमीन एवढंच दिसत होतं, त्यामुळे वर कोण बोलतंय ते आधी कळेचना.

"डॉक्टरकाका, तोंड मिटा. खाली नका बघू, माझ्याकडे बघा. आता डावा पाय. अहो, तो उजवा!"

मामा, तो आवाज माझ्या पोरीचा होता. खाली चार-पाच जणी दोर धरून उभ्या, आणि सगळ्या तिच्या हुकमाची वाट बघताहेत. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी तिथे लटकून हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. मग कुणीतरी विचारलं की आधी कोणाला काढायचं. चिऊ म्हणाली, "आधी काका. आईला वेळ लागेल."

वेळ लागला. साबणही लागला.

दुसऱ्या दिवशी सभा. डॉक्टर उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मैदानाचं काही खरं नाही. ते म्हणाले, हत्ती रद्द करा, दोर जाड आणा, आणि मुलांची हरकत नसेल तर मला एकदा नीट चढायचंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या वेळी असले जीवघेणे खेळ नव्हते म्हणून आक्षेप घेतला, आणि मग आपण कुठकुठल्या झाडांवरून पडलो ते इतकं रंगवून सांगितलं की आक्षेप कुणाच्या लक्षातच राहिला नाही. मैदान राहिलं. फक्त एक अट पडली. हत्यारं हाताळता येणारं कुणीतरी मोठं माणूस रोज संध्याकाळी तिथे हवं, नाहीतर फाटकाला कुलूप. कोण बसणार, असं विचारल्यावर सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले. दाराशी पोरं उभी होती. चिऊने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला.

बाकी सगळं छान. कंबरेचं दुखणं उतारावर आहे.

तुमची लाडकी (असं मी धरून चालते) भाची

ता. क. हात माझा वर झाला, पण नाव मी तुमचं सांगितलं. टाळ्या पडल्या. आधी विचारायला हवं होतं हे खरं, पण विचारलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असतात. सोमवारी या. चिऊची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे.

आणखी एक. मामी काय म्हणेल याची काळजी नको. मी फोनवर भीतभीत विषय काढला, तर ती म्हणाली, "अगं, बॅग मी केव्हाच भरून ठेवलीये, कुठे पाठवायचं तेवढं सुचत नव्हतं." पलंगाखाली बघा.