सोनमच्या वहीतलं नववं पान

मी, वाल्मीक कोंडिबा मरगळे, वय वर्षे सदुसष्ट, वीज खात्यातून निवृत्त वायरमन, राहणार उंबराचा माळ, पौडच्या पुढे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. बायकोने दिलेला नाही, कारण गेली अठरा वर्षे मी बायकांचे कपडे शिवतो आहे. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा नशेत मी हे लिहीत नाही. माझ्या मागे भांडणतंटा होऊ नये हा एक हेतू. दुसरा हेतू कलम पाचमध्ये येईल, वाचणाऱ्याने धीर धरावा.

कलम १. राहतं घर, परसू आणि बँकेत जे शिल्लक असेल ते पत्नी सगुणाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचं. तिला कोणी भूगावला एखाद्या फ्लॅटमध्ये हलवू नये. ती आपण होऊन गेली तर गोष्ट वेगळी, तिला लिफ्टची हौस आहे. तिच्या पश्चात घर सुरज आणि सोनम या दोन्ही मुलांना सारखं.

कलम २. माळाखालचं शेत मुलगा सुरज याला. मी मेल्यावर ते विकायचं की कसायचं हे त्याने ठरवावं. तसा तो आत्ताही रोज ठरवतोच.

कलम ३. पक्कड, टेस्टर आणि खांबावर चढायचा पट्टा गावात जो नवा वायरमन येईल त्याला. माझी मोठी कात्री पौडच्या कुशाबा टेलरला. "खांबावर चढनारा गडी आता फ्रॉकात शिरलाय," असं तो भर बाजारात म्हणाला होता. मी डावरा आहे आणि कात्री खास डाव्या हाताची मागवलेली आहे. कुशाबा उजवा आहे. बसू दे कापत.

कलम ४. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात तेवीस पोशाख आहेत. ते कोणी नाटकवाल्यांना देऊ नयेत, पायपुसणी करू नयेत. पहिले तेरा पोशाख माझ्या डोक्यातले नाहीत. ते कोणाचे, ते पुढच्या कलमात. उरलेले दहा माझे. मला एकच खोड आहे: माणूस बघितला की हा कपडा असता तर कसा असता, हे मनात येतं. सगुणाबाईचा घेरदार झगा आहे, त्याला एकवीस खिसे आहेत आणि प्रत्येकाला बंद, कारण तिने काय कुठे ठेवलंय ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. सुरजच्या सदऱ्याची सगळी बटणं पाठीवर आहेत. तो एकट्याला घालता येत नाही, कोणाला तरी हाक मारावीच लागते. त्याने तो एकदाच घातला, आईला हाक मारली आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. हे दहा ज्याचे त्याला द्यावेत, घालण्याची सक्ती नाही.

कलम ५. आता मुद्द्याचं. कपाटाच्या तळाशी, जुन्या लाइटबिलांच्या गठ्ठ्याखाली निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी वही आहे. ती माझी मुलगी सोनम हिची आहे आणि मी ती चोरली आहे.

सोनम एकोणीस वर्षांची असताना तिला पुण्याला कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स करायचा होता. मी म्हणालो, "कपडे शिवाया पुन्याला कशाला जायचं? मशीन घरात हाय." त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं. मांडव उतरवताना ती वही मला सापडली. आत चौदा चित्रं होती, घरातल्या एकेका माणसाची, पण माणूस न काढता नुसता त्याचा पोशाख. माझ्या आईचा होता चुलीच्या धुराचा, खालून वर विरत जाणारा. माझा होता दोन खांद्यांमध्ये तारा ओढलेला आणि तारांवर चिमण्या. मी ती वही खाली ठेवू शकलो नाही. पहिल्या माहेरपणाला सोनमने विचारलं, "अप्पा, माजी निळी वही कुटं दिसली का?" मी म्हणालो, "बंबात गेली आसंल." सगुणाबाई तिथेच होती. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं नाही.

हे असं शिवलं तर कसं दिसेल, याने मला झोप लागेना. मग मशीनवर बसलो. कापड मौला तांबोळींच्या कटपीसच्या दुकानातून बायकोसाठी म्हणून आणत असे, आणि मौलाभाई कधी एका शब्दाने पुढे विचारत नसत. पहिला धुराचा पोशाख तयार झाला तेव्हा त्यात आमची म्हैस मावली असती. चूक माझी. सोनमने सगळी मापं वितीत लिहिली होती आणि मी माझ्या वितीने मोजलं. तिची वीत किती, हे तिला विचारायची सोय नव्हती. शेवटी गोवऱ्यांच्या ढिगात लग्नाआधी तिने थापलेली एक गोवरी मिळाली, तिच्यावर पाची बोटं ताणून उमटलेली. टेप लावली. साडेसहा इंच. वाळून आटली असणार म्हणून पाव इंच वाढवला. त्यानंतर एकही माप चुकलं नाही. ती गोवरी मी जाळलेली नाही.

तेरा पोशाख झाले. नववं पान मात्र मला हरवतं. त्यावर नाव नाही. पाठीवर मोठा खिसा, एक बाही दुसरीपेक्षा दोन वीत लांब, आणि गळ्यापासून वर जाणारा बाण, त्यापुढे लिहिलंय 'इथून उघडतो'. गळ्याच्या वर काय उघडणार? मी तो सात वेळा शिवला आणि सहा वेळा उसवला. वही, शिलाई मशीन, ते तेरा पोशाख आणि कपाटाबाहेर मशीनवरच पडलेला हा सातव्यांदा शिवलेला चौदावा, सगळं सोनमला. आणि माझी माफी. हे कलम माझ्या मृत्यूनंतरच तिला वाचून दाखवावं.

इथवर सोमवारी लिहिलं. साक्षीला बोलावलेले शरदचंद्र गुरुजी मसुदा वाचून म्हणाले, "वाल्मीकराव, मग नवव्या पानाचं उत्तर तुम्हाला कसं कळणार?" मी तीन दिवस विचार केला. मेल्यावर कळून मला काय उपयोग? कलम पाचमधलं शेवटचं वाक्य मी खोडलं आहे, खोडलेल्या जागी सही केली आहे, आणि सोनमला फोन केला. हे मोठेपणाने केलं असं कोणी म्हणू नये. मला राहवलं नाही.

ती आज सकाळी महाळुंग्याहून आली. तिथे ती लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करते. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. तिने पानं उलटली. चिमण्यांवर हसली. नवव्या पानाशी थांबली.

मी विचारलं, "ह्ये काय हाय?"

तिने पान उजेडाकडे धरलं. "आटवत न्हाई, अप्पा."

"नीट बघ. बाण तुजाच हाय."

"माजाच हाय. पर मी तवा एकोनीस वर्साची हुते. तवा म्हाईत आसंल."

अठरा वर्षे मी समजत होतो की मी एक वही लपवली. वही तर परत देता आली. वही जवळ असती तर तिला जे आठवलं असतं, ते मी कुठून परत देऊ? ते कुठल्याच कलमात बसत नाही. मला त्याची लाज वाटते आणि ती मी इथे नोंदवून ठेवतो.

म्हणून दुरुस्ती: वही, मशीन आणि चौदा पोशाख माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून सोनमचे आहेत. मागची खोलीही. सुरज कबूल आहे, मी त्याला समोर बसवून विचारलं.

मघाशी तिने विचारलं, "उसवायचं ब्लेड कुटं हाय?" मी दिलं. आता ती मागच्या खोलीत नवव्या पानाचा माझा सातवा पोशाख उसवते आहे. टाके तुटल्याचा आवाज इथे येतो. काय करतेस, असं दोनदा तोंडाशी आलं. विचारलं नाही.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, मान्य आहे, आणि त्यांच्या देखत सही करतो.

(सही) वाल्मीक कोंडिबा मरगळे

साक्षीदार:
१. (सही) मौला इब्राहिम तांबोळी, कापड दुकानदार, पौड
२. (सही) शरदचंद्र विठोबा पासलकर, निवृत्त शिक्षक, पौड

स्थळ: उंबराचा माळ, तालुका मुळशी
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार